‘नवटाक’चं मूळ शोधायला शिकागोचे शब्दकोश : कामाचे कितपत?

हातभट्टीच्या बोलीतला एखादा शब्द आला कुठून, हे बघायचं तर शिकागो विद्यापीठाच्या साइटवरचे मराठी कोश फुकट आहेत. त्यातले दोन कामाचे : मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची 1857ची आवृत्ती आणि आपल्या पुण्यातच 1932 ते 1950 दरम्यान निघालेला दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश.

परीक्षेला ‘नवटाक’ घ्या. गुत्त्यावर दारूचा छोटा घोट म्हणून चालणारा हा शब्द मुळात दारूचा नाहीच, मापाचा. शेर, अच्छेर, पावशेर, नवटाक, छटाक अशी ती उतरंड. टांक हे जुनं छोटं वजन; जुन्या मुंबई शेराचे टांक 72. त्यातले नऊ म्हणजे शेराचा आठवा हिस्सा. तो शेर सुमारे 318 ग्रॅमचा, त्यामुळे नवटाक जेमतेम 40 ग्रॅम. पुढे 80 तोळ्यांचा शेर रुळला आणि तेच नाव 10 तोळ्यांना, म्हणजे 117 ग्रॅमच्या आसपास, लागू झालं. तेव्हा ‘नवटाक मारली’ यावरून किती प्याला याचा हिशेब करू नये. गुत्त्यावर माप ज्याच्या हातात, नवटाक त्याची!

शोधताना घोडं अडतं ते अनुस्वारापाशी. लेखन जुनं आहे, म्हणून ‘नवटाक’ आणि ‘नवटांक’ दोन्ही टाकून बघा. तरी नाही सापडलं तर अर्थाच्या मजकुरात शोधा. मोल्सवर्थमध्ये अर्थ इंग्रजीत असल्याने तिथे रोमन लिपी लागते. दाते-कर्व्यांत व्युत्पत्ती नोंदीच्या शेवटी चौकटी कंसात असते, आणि (व.), (गो.) या खुणा वऱ्हाड, गोवा असा प्रांत सांगतात. ‘दारू’ काढलीत तर फारसी मूळ दिसेल. बंदुकीची आणि प्यायची, दोन्ही एकाच शब्दात. टंकनाच्या चुका मात्र आहेत. शब्द विचित्र वाटला की छापील खंडाशी ताडून घ्या.

खरी गोची पुढे आहे. मुंबई दारूबंदी कायदा 1949चा आणि कोशाचं काम आटोपलं 1950ला. चोरट्या दारूची बोली फोफावली ती त्यानंतर. ‘चपटी’ म्हणजे खिशात मावणारी बाटली, ‘संत्रा’ म्हणजे देशी, हे अर्थ इथे शोधत बसू नका. त्यासाठी दारूबंदीच्या काळातल्या वर्तमानपत्रांच्या फायलीच उपसाव्या लागतील, आणि त्या या कोशांच्या साइटवर मिळायच्या नाहीत.