फाउंडेशन इयरसकट स्पोर्ट्स थेरपी, दीड वर्षानंतरचा रिव्ह्यू (आणि टेपचा हिशोब)

सेमिस्टर सुरू होताना कॉलेजचा मेल आला की यापुढे सरावासाठी लागणारी, सांध्यांना बांधायची चिकट टेप विद्यार्थ्यांनी आपापली आणावी. बास, दोन ओळी आणि खाली 'काइंड रिगार्ड्स'. गेले कित्येक महिने लिहू लिहू म्हणत होते तो रिव्ह्यू त्याच रात्री लिहायला घेतला.

स्पोर्ट्स थेरपीचा (खेळाडूंच्या दुखापती टाळायच्या आणि बऱ्या करायच्या) कोर्स काय असतो, यूकॅसवरून (ब्रिटनमधली विद्यापीठ-प्रवेशाची वेबसाइट) अर्ज कसा करतात, एक फाउंडेशन आणि तीन डिग्रीची अशी चार वर्षं कशी पडतात हे माहीत आहे असं धरते. माझं सांगायचं तर मी चाळिशीतली, मूळची सांगलीची, शाळा-कॉलेजात भरपूर खो-खो खेळलेली आणि कॉमर्सवाली. महाराष्ट्रात फिजिओला जायचं तर बारावी सायन्स, बायोलॉजी आणि वर प्रवेश परीक्षा, त्यामुळे तो दरवाजा तेव्हाच बंद झाला. मग लग्न, यॉर्कशायर, मुलं, एका शाळेच्या ऑफिसात पार्टटाइम नोकरी. इथे फाउंडेशनचं वर्ष म्हणजे लेव्हल ३, साधारण अकरावी-बारावीच्या तोडीचं, ते पास झालं की त्याच डिग्रीच्या पहिल्या वर्षात. पासिंग ४० टक्के आणि ते मार्क पुढे डिग्रीत धरत नाहीत. माझ्यासारखीला याहून सरळ रस्ता नव्हता.

पैशाचं. २०२४ ला फाउंडेशनची फी ९,२५० पाउंड, २०२५ ला पहिल्या वर्षाची ९,५३५. इथे कायमचं राहण्याची परवानगी असल्यामुळे होम फी (इथल्या रहिवाशांची कमी फी) आणि स्टुडंट लोन मिळालं, प्लॅन ५ वालं, म्हणजे वर्षाला २५,००० च्या वर कमावलं तर वरच्या रकमेच्या ९ टक्के कापणार आणि ४० वर्षांनी जे उरेल ते माफ. आमच्या ह्यांनी हिशोब मांडून दाखवला की माफ होईल तेव्हा मी ऐंशी पार केलेली असेन. म्हटलं बरंय की, तेव्हा तुमच्या गुडघ्याला टेप लावायला वेळच वेळ असेल. आता यातलं खुपणारं म्हणजे फिजिओथेरपीची डिग्री करणाऱ्या इथल्या मुलांना एनएचएसकडून, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेकडून, वर्षाला निदान ५,००० पाउंड मिळतात, परत करायचे नाहीत. आम्हाला दमडी नाही. आणि वर टेप आपापली आणा!

टेपवर एवढी का अडून बसलेय ते कळायला एक घोटा बांधून बघावा लागतो. पाऊल काटकोनात धरायचं, आधी पातळ फोमचं अंडररॅप, मग घोट्याच्या वर दोन अँकर (बाकी पट्टे ज्यावर चिकटतात ते गोल पट्टे) आणि पावलाच्या मध्यावर एक, तो घट्ट झाला की करंगळीच्या बाजूला कळ येते. मग आतल्या बाजूने टाचेखालून बाहेरच्या बाजूला वर ओढत स्टिरप, त्यावर आडवा घोड्याच्या नालेसारखा पट्टा, परत स्टिरप, परत नाल, प्रत्येक पट्टा आधीच्या अर्ध्यावर बसला पाहिजे. शेवटी दोन्ही बाजूंनी टाच जागेवर धरणारं हील लॉक आणि मोकळ्या फटी बंद. कुठे सुरकुती पडली की तिथे फोड येणार म्हणून काढा नि परत करा. मग अंगठ्याचं नख दाबून सोडायचं, दोन सेकंदांत रंग परत आला नाही तर रक्त अडतंय, म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. याला क्लोज्ड बास्केट वीव्ह म्हणतात. सराईत माणूस दोन-तीन मिनिटांत बांधतो. शिकाऊ हातात झिंक ऑक्साइड टेपचा दहा मीटरचा रोल एका घोट्यात जवळजवळ संपतो, चार-पाच पाउंडांचा. आणि मग कात्रीने टराटरा कापून कचऱ्यात. मी दुधाची पिशवी धुवून वाळवून ठेवणाऱ्या घरातली आहे हो, पहिल्या प्रॅक्टिकलला त्या कचऱ्याच्या डब्याकडे बघवत नव्हतं.

म्हणून घरी सरावाला रंगकामाची मास्किंग टेप आणली. ह्यांना डायनिंग टेबलावर बसवून, पाय बाहेर लोंबकळत ठेवून. ती टेप धरून ठेवत नाही, चालायला लागले की फाटते, पण पट्ट्यांची दिशा आणि क्रम हातात बसायला चालते. खरी टेप हाताने फाडायची मात्र त्यावर शिकता येत नाही. दोन्ही हातांच्या अंगठा-बोटांत चिमटीत धरून झटका द्यायचा असतो, पिळली की दुमडून दोरी होते आणि मग दातांशिवाय सुटत नाही. वर्गातली अठरा वर्षांची पोरं सरळ दात लावतात. आमच्या ट्यूटरला ते दिसलं की संपलंच.

फाउंडेशन वर्षाबद्दल. पहिले तीन-चार महिने मी कुढत होते. निबंध कसा लिहावा, संदर्भ हार्वर्ड पद्धतीने कसे द्यावेत, टर्निटिनवर (नक्कल पकडणाऱ्या वेबसाइटवर) कसं चढवावं, ग्रुप प्रेझेंटेशन (चौघांच्या ग्रुपात काम एकीने करायचं, ती कोण ते सांगायला नको). हातात एकही घोटा नाही. ९,२५० पाउंड देऊन स्वल्पविराम कुठे द्यायचा ते शिकतेय असं बहिणीला फोनवर म्हणायचे. ॲनाटॉमी होती पण वरवरची. मत बदललं ते यंदा. पहिल्या वर्षाला थेट आलेली मुलं आम्हाला येऊन मिळाली आणि पहिल्याच महिन्यात खांद्याचे, मांडीचे स्नायू अंगावर आले. प्रत्येकाचा उगम कुठे, शेवट कुठे, मज्जातंतू कुठला, काम काय, चारही गोष्टी पाठ हव्यात. रोटेटर कफचे चार स्नायू म्हटले की थेट आलेल्यांचे चेहरे बघण्यासारखे, आणि आम्ही फाउंडेशनवाले, ज्यांना कॉलेजभर जरा खालचं समजतात, घडाघडा सुप्रास्पायनेटस, इन्फ्रास्पायनेटस, टेरिस मायनर, सबस्कॅप्युलॅरिस. रिसर्च पेपर वाचायचा कसा हेही आम्हाला आधीच शिकवून झालेलं. तेव्हा ते वर्ष फुकट गेलं हे माझं म्हणणं मागे घेते, मात्र त्यात टेपिंगचा एक तरी तास असायला हवा होता यावर ठाम आहे.

एक गोष्ट आपल्या बायकांसाठी सांगते कारण मला कोणी सांगितली नव्हती. प्रॅक्टिकलला एकमेकांच्या अंगावरच शिकतात. शॉर्ट्स, खांद्याच्या तासाला स्पोर्ट्स ब्रा, आणि कोणीतरी तुमच्या मांडीवर पेनने हॅमस्ट्रिंगची (मांडीच्या मागच्या स्नायूंची) रेघ मारतंय. पहिल्यांदा मी लेगिंग घालून गेले आणि दिवसभर घामाघूम. पण एक सांगते, परवानगी विचारल्याशिवाय कोणी बोट लावत नाही, दर वेळी विचारतात, टॉवेलने झाकणं हा धड्याचाच भाग आहे, आणि नाही म्हटलं तर कारण विचारत नाहीत. हिवाळ्यापर्यंत माझी भीड चेपली. आता मला कोणी जोडीदार म्हणून घ्यायला धावत असेल तर ते माझ्या मांडीत खरोखर स्नायू सापडतो म्हणून, खो-खोची कृपा.

अपडेट: इथपर्यंत लिहून ठेवलं होतं, मधे टेपच्या मेलला मी जे लांबलचक उत्तर पाठवलं होतं त्याचा जबाब आला. परीक्षेला टेप कॉलेजची, वर्गात दोघांत एक रोल, त्यावर लागली तर आपली. म्हणजे पहिल्या मेलात जे लिहायला हवं होतं ते भांडल्यावर कळवलं. पण खरी गंमत पुढे. लॅबमधल्या टेक्निशियनबाईंच्या कानावर माझा वाद गेला असावा. त्यांनी मला कपाटामागचा एक खोका दाखवला, मुदत संपलेल्या टेपचे रोल. चिकटपणा कमी झालेला, खेळाडूला लावता येत नाही, पण सरावाला सोनं. पिशवी भरून घरी आणले. त्या दिवशी मी कोर्सला एक स्टार वाढवला, खोटं कशाला बोलू.

आणि आता गाडी जरा उलटी फिरते. टेपवर इतकी चिडले म्हणून असाइनमेंटला विषयही तोच घेतला, तर वाचनात काय निघालं? खेळायला लागल्यावर अर्ध्या तासाच्या आत टेपची पकड बरीच ढिली होते, घामाने आणि हालचालीने. फायदा मुख्यतः दिसतो तो आधी एकदा घोटा मुरगळलेल्यांना. लेस बांधायचा ब्रेसही (घोट्याचा तयार आधारपट्टा) त्यांना जवळपास तेवढंच काम देतो, परत धुवून वापरता येतो, आणि अख्ख्या सीझनचा खर्च काढला तर स्वस्त पडतो. म्हणजे मी ज्यावर जीव टाकून शिकतेय त्याची गरज निम्म्या वेळा नाहीच. ट्यूटरना विचारलं तर हसून म्हणाल्या की खेळाडूला टेपच हवी असते. त्याला पाय बांधला म्हणजे कुणीतरी आपली काळजी घेतंय असं वाटतं आणि तेवढ्यानेही तो नीट उतरतो. मला हे पूर्ण पटलेलं नाही. असाइनमेंटला मार्क मात्र चांगले पडले.

प्लेसमेंट, म्हणजे क्लबात जाऊन प्रत्यक्ष कामाचा अनुभव. यंदा नुसतं बघायचं आणि बॅग उचलायची. मला मुलींच्या रग्बीचा क्लब मिळाला, रविवारी सकाळी, पाऊस आडवा. एका मुलीचं डोकं टॅकलमध्ये आपटलं, उठली, म्हणाली ठीक आहे. माझ्या सुपरवायझरने तिला बाहेर काढलं. तिचे वडील रेलिंगपलीकडून ओरडायला लागले की तिला काही झालेलं नाही, पुढच्या रविवारी फायनल आहे. सुपरवायझर आवाज न चढवता एकच वाक्य परत परत म्हणत राहिली, शंका असेल तर बसवायचं. इथे २०२३ पासून हौशी खेळांसाठी एकच नियमावली आहे, कन्कशनचा (मेंदूला धक्का बसल्याचा) संशय आला की त्या दिवशी खेळ बंद आणि निदान २१ दिवस मॅच नाही. फायनल गेलीच. मी तिथे बॅग धरून उभी, मनात म्हटलं आमच्या मैदानावर खांबावर डोकं आपटलं तर सर पाणी शिंपडून 'उठ, काही नाही झालं' म्हणायचे आणि आम्ही परत चौकात बसायचो. त्या एका सकाळीने मला जे शिकवलं ते सगळ्या टेपच्या रोलांपेक्षा जास्त आहे, आणि हे मी म्हणतेय.

तासांचा घोळ मात्र नीट समजून घ्या. सोसायटी ऑफ स्पोर्ट्स थेरपिस्टस् नावाची संस्था कोर्सला मान्यता देते, तिच्यासाठी २०० तासांचं प्लेसमेंट लागतं. फाउंडेशनच्या वर्षात मी हौसेने एका धावण्याच्या क्लबात जात होते, ते तास धरले नाहीत. दुसरी संस्था बासरॅट, ती 'स्पोर्ट रिहॅबिलिटेशन' नावाच्या कोर्सेसना मान्यता देते आणि तिकडे ४०० तास. नावं सारखी, कॉलेजं दोन्ही शब्द एका ओळीत टाकतात, म्हणून अर्ज करण्याआधी मान्यता कुणाची आहे हे लेखी विचारा. कारण इथे 'फिजिओथेरपिस्ट' हे नाव कायद्याने राखीव आहे, एचसीपीसी या नोंदणी संस्थेच्या रजिस्टरमध्ये नाव असल्याशिवाय लावता येत नाही. 'स्पोर्ट्स थेरपिस्ट' असं कोणीही उद्या पाटीवर लिहू शकतो. मान्यता नसलेल्या डिग्रीने तुमच्यात आणि त्या पाटीवाल्यात फरक काय राहतो? आणि या डिग्रीवर एनएचएसमध्ये फिजिओची पोस्ट मिळत नाही, त्यासाठी पुढे दोन वर्षांचं मास्टर्स करावं लागतं. ओपन डेला (प्रवेशाआधी कॉलेज दाखवतात त्या दिवशी) हे कोणी आपणहून बोलत नाही.

अभ्यासक्रम ताजा आहे, याचं कौतुक. मुरगळल्यावर बर्फ, विश्रांती, पट्टी, पाय वर, हे राइस नावाचं सूत्र १९७८ मध्ये डॉ. मिर्किन यांनी आणलं, आणि २०१४ मध्ये त्यांनीच सांगितलं की बर्फ आणि पूर्ण विश्रांतीने बरं होणं लांबूही शकतं. आता पीस अँड लव्ह असं लांबलचक सूत्र शिकवतात, थोडक्यात म्हणजे लवकर हळूहळू वजन टाका, हलवा. आईला फोनवर हे सांगितलं. ती म्हणाली, आंबेहळद कुठल्या अक्षरात बसते? कुठल्याच नाही, पण ती लेप लावून दुसऱ्या दिवशी पाण्याला पाठवायची, म्हणजे हळूहळू वजन टाकणं झालंच.

सांगलीहून भाच्याचा मेसेज आलाय, मामी मी पण येऊ का या कोर्सला. त्याला लिहिलं ते इथेही लिहिते. आंतरराष्ट्रीय फी भरून, व्हिसाच्या प्रत्येक वर्षाला वर ७७६ पाउंड हेल्थ सरचार्ज देऊन, फाउंडेशनसकट चार वर्षं, आणि शेवटी ना इथे ना तिथे फिजिओ म्हणवून घेता येणार. सायन्स असेल तर नीट दे आणि बीपीटीएच (फिजिओथेरपीची डिग्री) कर, स्पोर्ट्सकडे नंतर वळता येतं. हे ऐकून तो रुसलाय, पण पैसे त्याच्या बापाचे आहेत आणि बाप माझ्या नणंदेचा नवरा.

बाकी काही विचारायचं असेल तर विचारा, टेपबद्दल विचारलंत तर लांबण लागेल. आणि यॉर्कशायरच्या आसपास कुणी घडीचा प्लिंथ (पेशंटला झोपवायचं टेबल) सेकंडहँड विकत असेल तर सांगा, डायनिंग टेबलाचा एक पाय डुगडुगायला लागलाय. ४० पाउंडांच्या वर जाणार नाही, आणि डिलिव्हरी तुमची.