‘रिटर्न रद्द करा, नवीन पाठवतो’: ४,३४९ गेले, वर ३८० पण

चतुर्थीला मुंबईहून चौदा माणसं येणार आणि घरात दोन बर्नरची जुनी शेगडी. म्हणून तीन बर्नरची, वर काच असलेली ऑनलाइन मागवली. ४,३४९ रुपये, आगाऊ, यूपीआयने. बाजारात तीच ५,२०० ला होती, तेव्हा "इथल्याच दुकानातून घ्यायची होती" हे कुणी शिकवू नका.

आमच्या वाडीत कुरिअर येत नाही, पोरगा तिठ्यावरून फोन करतो. धो धो पाऊस, खोक्याचा एक कोपरा भिजून मऊ, हलवला की आत खळखळ. "काका, आधी ओटीपी." दिला. छत्री धरून खोका कुठे फोडणार? घरी पडवीत उघडला तर काचेचे खडीसाखरेएवढे तुकडे आणि मधल्या बर्नरचा पाय वाकडा. आई म्हणाली, "काच ती, फुटतलीच. स्टीलची घे म्हणान मियां सांगलंय मां?"

फोटो काढून अ‍ॅपवर रिटर्न टाकला. इथपर्यंत माझं काही चुकलं नव्हतं. (व्हिडिओ नव्हता. तुम्ही काढा, लेबल दिसेल असा, खोक्याला कात्री लावायच्या आधीपासून.)

दुसऱ्या दिवशी विक्रेत्याचा व्हॉट्सअ‍ॅपवर फोन. "सर, रिटर्न चालू असला की सिस्टिम नवीन पीस सोडत नाही. रद्द करून स्क्रीनशॉट पाठवा, चतुर्थीच्या आत शेगडी दारात." वर पॅकिंगचे ३८० रुपये.

इथेच कळायला हवं होतं. फुटका माल त्याचा, मग पॅकिंगचे पैसे माझे कसे? रद्द केल्याचा स्क्रीनशॉट त्याला कशाला हवा? फुटकी न्यायला कोण येणार, हेही विचारलं नाही. सव्वीस वर्षं कारकुनी केली, पावतीशिवाय कुणाला टाचणी दिली नाही. पण मखर अर्धवट, भटजींचे फोन, आणि तो बोलायला असा गोड! रद्द केलं. ३८० पाठवले.

रोज "उद्या निघेल". रिटर्नची मुदत सात दिवसांची. आठव्या दिवशी त्याचा नंबर बंद.

कस्टमर केअरला चार वेळा, चार वेगळ्या माणसांना पहिल्यापासून रामायण सांगितलं. उत्तर एकच: "तुम्हीच रद्द केलंय, आम्ही फक्त मध्यस्थ." पोलीस ठाण्यात फोटो बघून म्हणाले, "काच फुटल्याची तक्रार इथे नाही, ग्राहक मंचात जा." ३८० चं सांगितलं तर हसले. "एवढ्यासाठी?" दुसऱ्यांदा गेलो तर साहेब बंदोबस्ताला. तिसऱ्यांदा अर्ज घेतला, पोच नाही. पोच मागितली तर माझ्याकडेच असं बघितलं, जणू शेगडी मीच फोडली. एसटीचं भाडं मी हिशेबात धरतच नाही.

भाच्याने नंतर सांगितलं: २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे सदोष माल परत घ्यायला विक्रेत्याला नकार देता येत नाही. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि महिनाभरात निवारण करायचं असतं. कस्टमर केअरशी भांडत बसू नका, त्या अधिकाऱ्याला लेखी पाठवा. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. पैसे उकळले असतील तर त्याच दिवशी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन. मी अकराव्या दिवशी केला. अ‍ॅपबाहेर विक्रेत्याशी एक शब्द बोलू नका. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, दोन वर्षांची मुदत, आणि आपल्याच जिल्ह्यात दावा टाकता येतो, वकिलाशिवायही.

माझा टाकून झाला. खोका पुरावा म्हणून पडवीतच आहे, कुणाला हलवू देत नाही. आईने त्यात करवंट्या भरायला सुरुवात केली आहे.