नेसो टँगपायी गेले 21,450 रुपये

आधीच सांगतो, मी नवखा नाही. सहा वर्षं मरीन टँक, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या माशांचा टँक, सांभाळतोय. सहा बाय दोन बाय दोन फूट, खाली पाणी गाळायचा सम्प वेगळा. नेसो टँग हा समुद्री मासा दीड फुटापर्यंत वाढतो, चार फुटी टँकमध्ये त्याचे हाल होतात, म्हणून मोठा टँक होईपर्यंत तीन वर्षं दम धरला. हावरटपणा केला नाही, एवढंच म्हणणं.

व्हॉट्सॲप ग्रुपवर एकाने सात इंची नेसो विकायला टाकला, 11,500 रुपये. चेन्नईच्या कोळत्तूरचा म्हणाला. तिथला माशांचा बाजार आपल्याला माहीत, त्यामुळे संशय आला नाही. "महिनाभर कॉपरमध्ये ठेवलाय सर, अजून त्याच टँकमध्ये आहे." टँग म्हटलं की व्हाइट स्पॉट, म्हणजे पांढऱ्या ठिपक्यांचा रोग, पाचवीला पुजलेला आणि कॉपर, म्हणजे तांब्याचं औषध, हा त्यावरचा इलाज, त्यामुळे हे ऐकून मी विरघळलोच.

व्हिडिओ चाळीस सेकंदांचा. मासा देखणा, पोट भरलेलं, शेपटीच्या बुंध्याशी नारिंगी सुऱ्या. आणि मागच्या दगडावर लाल-पांढरी क्लीनर श्रिंप मिशा हलवत चाललेली. कॉपरच्या पाण्यात कोळंबी जगत नाही, हे मीच ग्रुपवर दहा जणांना सांगितलंय! ती मला दिसली होती हो. "वा, श्रिंप पण तब्येतीत आहे," असं बायकोला म्हणालोसुद्धा. डोळे नेसोवर, अक्कल गहाण.

मग नेहमीचंच. कार्गोचे 2,750. थर्माकोल बॉक्सचं डिपॉझिट 3,000, म्हणे परत मिळणार. रात्री अकराला फोन, "मासा एअरपोर्टवर अडकलाय, हेल्थ सर्टिफिकेटचे 4,200 टाका, नाहीतर पिशवीतला ऑक्सिजन संपेल." तुम्ही काय केलं असतं? मी पाठवले. सकाळी लोहगाव एअरपोर्टला गेलो, एअरवे बिलाचा नंबरच खोटा. ॲडव्हान्स देण्याआधी व्हिडिओ कॉल करा आणि टँकसमोर तुमच्या नावाची चिठ्ठी धरायला लावा. कबूल नसेल तर मासा नाही, समजा.

बँकेने दोन दिवस कस्टमर केअरची गाणी ऐकवली आणि शेवटी सांगितलं, "पेमेंट तुम्हीच केलंय ना?" हो, मीच केलं, म्हणून तर फोन केला! तुम्ही पहिल्या तासातच 1930, म्हणजे सायबर फसवणुकीची हेल्पलाइन, लावा. पोलीस चौकीत साहेब जेवायला गेलेले. नंतर म्हणाले सायबरला जा. सायबरवाले म्हणाले, आधी चौकीचं पत्र आणा. तीन खेपा, दोन अर्ध्या रजा, स्क्रीनशॉटच्या रंगीत प्रिंट माझ्याच खर्चाने. हवालदार हसून विचारतात, "एकवीस हजारात किती पापलेट आलं असतं?" डिलीट करण्याआधी चॅट एक्स्पोर्ट करून ठेवा, तोंडी कुणी ऐकत नाही.

चौथ्या खेपेला त्याच हवालदारांनी व्हिडिओ मागितला. मोबाइल लांब धरून शेवटपर्यंत पाहिला. मग स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाले, "आणि ही कोळंबी? हीपण पाठवणार होता का तो?"