कॅमेरावाली गाडी नागपुरात सांभाळताना: तीन ऋतूंनंतरचा अनुभव

एडास, म्हणजे कॅमेरा-रडारनं रस्ता बघून चालवणाऱ्याला मदत करणारी प्रणाली, असलेली गाडी घेतली तेव्हा शोरूममध्ये सगळं बोलणं गाडी काय काय करते यावर झालं. ती हे सगळं नीट करत राहावी म्हणून मालकानं काय करायचं, हा विषयच निघाला नाही. आता उन्हाळा, पावसाळा, हिवाळा तिन्ही काढून झालेत. नोकरीसाठी उमरेड रोड रोजचाच आहे, मुलगा छत्रपती संभाजीनगरला शिकतो म्हणून समृद्धीवरही नेहमी जाणं होतं. या काळात जे कळलं ते सविस्तर लिहिते. आपल्याकडे अशा गाड्या झपाट्यानं वाढताहेत आणि समोरची काच बदलल्यावर वर्कशॉपकडून काय मागून घ्यायचं हे फार थोड्या जणांना ठाऊक आहे.

गाडी मध्यम आकाराची एसयूव्ही आहे. नाव घेत नाही, कारण यातलं बहुतेक सगळं कुठल्याही कंपनीच्या गाडीला लागू पडतं. आतल्या आरशाच्या मागे काचेला लागून एक कॅमेरा आहे आणि पुढच्या जाळीमागे एक रडार. कॅमेरा पट्टे, माणसं, दुचाक्या, गाड्या ओळखतो. रडार अंतर आणि वेग मोजतं. काही गाड्यांमध्ये समोरचं रडार नसतंच. होंडाच्या सिटी हायब्रिड आणि एलिव्हेटमध्ये सगळी भिस्त एकट्या कॅमेऱ्यावर आहे. अशा गाडीत खालची काळजी दुपटीनं घ्यावी लागेल. लेव्हल टू म्हणजे गाडी स्टिअरिंग आणि वेग दोन्हीला हातभार लावते, पण जबाबदारी पूर्णपणे चालवणाऱ्याची, हेही इथेच सांगून टाकते.

उपयोग आहे का? आहे, आणि मनापासून सांगते, भरपूर आहे. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा, कारला १२० ची मर्यादा, आणि मैलोन्‌मैल सरळ. मध्ये सिग्नल नाही, चौक नाही. अशा रस्त्यावर डोळे उघडे असतात आणि लक्ष मात्र हळूहळू सुटत जातं. तिथे लेन सुटताना स्टिअरिंगला येणारी थरथर आणि पुढच्या ट्रकमागे आपोआप कमी होणारा वेग यांनी मला कितीदा भानावर आणलंय. शहरात ऑटोमॅटिक ब्रेकिंगचा इशारा वर्धा रोडवर दोनदा अगदी वेळेवर आला, दोन्ही वेळा डावीकडून आडवी घुसलेली दुचाकी होती. नागपूरला हे तंत्र तसं नवीन नाही. २०२१ मध्ये इथे आयरास्ते प्रकल्प सुरू झाला. इंटेल, आयआयआयटी हैदराबाद, रस्ते संशोधन संस्था सीआरआरआय, महिंद्रा आणि आपली महापालिका अशा सगळ्यांनी मिळून शहर बसमध्ये टक्कर टाळण्याचा इशारा देणारे कॅमेरे लावले आणि त्या इशाऱ्यांवरून शहरातल्या धोक्याच्या जागा शोधायला घेतल्या. त्याच शहरात आता घरोघरी असे कॅमेरे येताहेत, पण त्यांची निगा कशी राखायची हे घरापर्यंत पोचलेलं नाही.

सगळ्यात मोठी परीक्षा उन्हाळ्यानं घेतली. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास, आणि ऑफिसच्या उघड्या पार्किंगमध्ये गाडी दुपारभर उभी. संध्याकाळी गाडी सुरू केली की मीटरवर संदेश येतो: कॅमेऱ्याचं तापमान जास्त, सहाय्य तात्पुरतं बंद. पहिल्यांदा पाहून धस्स होतं, पण हा बिघाड नाही. कॅमेरा काचेच्या अगदी माथ्यावर बसतो, त्यामुळे वरचं ऊन आणि आतली कोंडलेली गरम हवा दोन्ही त्यालाच लागतात. ठरलेल्या तापमानापलीकडे गेला की तो स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतो. उपाय साधा आहे. आधी चारही काचा खाली करून गरम हवा बाहेर काढायची, मग एसी, आणि थोडा वेळ हवेचा झोत समोरच्या काचेवर सोडायचा, म्हणजे पावसात काचेवरचं धुकं घालवायला वापरतो तेच बटण. उमरेड रोडला लागेपर्यंत कॅमेरा परत कामाला लागतो. संदेश गेल्याशिवाय क्रूझ, म्हणजे आपोआप वेग राखण्याची सोय, लावायचं नाही, एवढं पथ्य पाळते. निंबाच्या सावलीत गाडी लावली तर हा त्रास जवळपास होत नाही. मात्र पक्ष्यांची विष्ठा नेमकी काचेच्या वरच्या भागात पडते, ती त्याच दिवशी ओल्या फडक्यानं काढावी.

सेन्सर उन्हात काय करू शकतो हे नागपूरकरांना वेगळं सांगायला नको. मे २०२४ मध्ये इथल्या एका स्वयंचलित हवामान केंद्रानं ५६ अंश दाखवले होते आणि देशभर बातमी झाली. हवामान खात्यानं नंतर तपासून सांगितलं की सेन्सरमध्येच बिघाड होता. असा आकडा दुसऱ्या केंद्राच्या आकड्याशी ताडून तरी पाहता येतो. गाडीतल्या कॅमेऱ्याशी ताडून पाहायला दुसरं केंद्र नसतं. तो चुकतोय का, हे आपणच बघायचं.

आता धूळ. कोराडी-खापरखेड्याकडची राख, बांधकामांची सिमेंटची भुकटी, उमरेडकडचा कोळशाचा बारीक थर, हे सगळं काचेवर बसतं. कॅमेरा वायपर फिरतो त्याच पट्ट्यातून बाहेर बघतो, म्हणून वायपरचं रबर कडक झालं की त्यानं उमटणाऱ्या रेघा थेट त्याच्या नजरेसमोर येतात. आपल्या उन्हात रबर लवकर वाळतं. मी पावसाळ्याच्या तोंडावर ब्लेड बदलते, ते चांगले दिसत असले तरी. कोरड्या काचेवर वायपर कधीच चालवू नये. धुळीचे कण काचेवर ओरखडे पाडतात, आणि संध्याकाळच्या उन्हात ते ओरखडे चमकून कॅमेरा गोंधळतो. बोअरच्या पाण्यानं गाडी धुतली तर क्षाराचे पांढरे डाग राहतात. वायपरच्या टाकीत म्हणूनच आरओचं पाणी आणि काचेचं लिक्विड घालते, बोअरचं नाही.

आतल्या बाजूचं कुणाच्या लक्षात येत नाही. डॅशबोर्डला चकाकी आणणारं तेलकट पॉलिश उन्हात वाफाळून काचेच्या आतल्या बाजूला धूसर थर धरतं. शिवाय चकचकीत डॅशबोर्डचं प्रतिबिंब काचेत पडतं आणि कॅमेऱ्याला ते समोरच्या दृश्यात मिसळलेलं दिसतं. वॉशिंग सेंटरवर मी आधीच सांगते, डॅशबोर्ड फक्त ओल्या कापडानं पुसा आणि आरशामागच्या काळ्या डब्याला हात लावू नका. लेन्सवर स्प्रे मारणं, बोट लावणं, कव्हर उघडून पुसणं, यातलं काहीच घरी किंवा वॉशिंगवर होऊ देऊ नये.

फास्टॅगचीही जागा बघा. तो आरशाच्या मागे मधोमध लावण्याची पद्धत आहे आणि कॅमेराही तिथेच असतो. नवीन टॅग घेताना चिकटवणारा माणूस घाईत असतो. कॅमेऱ्यासमोरचा भाग मोकळा राहील असं त्याला आपणच दाखवावं. डॅशकॅमचंही तेच. दसऱ्याला गाडीची पूजा आमच्याकडे मोठ्या हौसेनं होते. झेंडूचा हार जाळीवर रडारसमोर बांधला तर ते झाकलं जातं, आणि काचेवर वर काढलेलं कुंकवाचं स्वस्तिक कॅमेऱ्याला आडवं येतं. या वर्षी स्वस्तिक बोनेटवर काढलं आणि हार पूजा झाल्यावर, गाडी रस्त्यावर काढण्याआधी उतरवला. शनिवारच्या लिंबू-मिरचीला बाजूची जागा दिली. सासूबाईंना कारण सांगितलं, त्यांना लगेच पटलं.

यानंतरचं मात्र सगळ्यात महत्त्वाचं आहे. पावसाळ्यात कोळशाच्या ट्रकच्या टायरमधून खडा उडाला आणि काचेला तडा गेला. हळूहळू तो वर कॅमेऱ्याच्या दिशेनं सरकायला लागला. बाहेरच्या काचवाल्याकडे चौकशी केली तर तो म्हणाला, "ताई, कॅमेरा आपोआप सेट होते जी. थोडी चालवली का झालं." त्याच्या बोलण्यात थोडं तथ्य आहे. काही गाड्यांचं कॅलिब्रेशन, म्हणजे कॅमेऱ्याची नजर नेमकी जुळवणं, खरंच रस्त्यावर चालवून होतं, पण ते सुरू करायला स्कॅनर लावावा लागतो आणि स्पष्ट पट्ट्यांच्या रस्त्यावर ठरावीक वेगानं गाडी न्यावी लागते. नुसतं चालवून काही होत नाही. माझ्या गाडीला तर दुसरा प्रकार लागतो. सपाट जमिनीवर गाडी उभी करायची, टायरमध्ये नेमकी हवा, डिकी रिकामी, चाकांचं अलाइनमेंट आधीच केलेलं. मग गाडीच्या बरोबर मध्यरेषेवर, मापून ठरवलेल्या अंतरावर काळ्या-पांढऱ्या चौकटींचा फलक ठेवून स्कॅनरनं कॅमेऱ्याला त्याचं शून्य शिकवायचं.

हे एवढं का करायचं, त्याचा हिशेब साधा आहे. कॅमेरा एका अंशानं जरी तिरपा बसला तरी १०० मीटरवर तो फरक पावणेदोन मीटर होतो. आपल्या हायवेची लेन साधारण साडेतीन मीटरची, म्हणजे अर्धी लेन. पुढची गाडी आपल्या लेनमध्ये आहे की शेजारच्या, हेच कॅमेरा चुकीचं ठरवेल. ताशी १०० च्या वेगात ते १०० मीटर साडेतीन सेकंदांत संपतात.

मी अधिकृत वर्कशॉपमध्येच काच बदलून घेतली. तरी गाडी मिळाल्यावर रिंग रोडवर मीटरमध्ये फक्त उजवीकडचा पट्टा दिसत होता आणि गाडी डावीकडे हलकी ओढ देत होती. परत नेली. विचारल्यावर कळलं की फलक दुसऱ्या शाखेत होता म्हणून कॅलिब्रेशन न करताच गाडी दिली होती. चेतावणीचा दिवा लागलेला नव्हता, हे लक्षात ठेवा. दिवा नाही म्हणजे सगळं बरोबर, असं धरून चालता येत नाही. फलक आला, काम झालं, आणि मी रिपोर्टचा छापील कागद मागून घेतला. त्यावर गाडीचा नंबर, तारीख आणि काम पूर्ण झाल्याची नोंद असते. तो कागद सर्व्हिसच्या फाइलमध्ये आहे. विम्याचंही सांगते: काचेचा खर्च निघाला, पण एस्टिमेटमध्ये कॅलिब्रेशनची ओळच नव्हती. सर्व्हेअर येण्याआधी ती घालायला लावली, कंपनीच्या मॅन्युअलचं पान जोडलं, आणि ती मंजूर झाली. काम सुरू होण्याआधी हे झालं तर सोपं जातं. काच घेतानाही कॅमेऱ्याच्या ब्रॅकेटसह, कंपनीनं मान्य केलेलीच घ्यावी. स्वस्त काचेत त्या भागात लहर असेल तर कॅमेऱ्याला रस्ता वाकडा दिसतो.

काच सोडून आणखी कशानं कॅमेऱ्याचं गणित बिघडतं? सस्पेन्शनचं काम, खड्ड्यात आपटून गेलेलं अलाइनमेंट, वेगळ्या मापाचे टायर, मागे कायम भरलेलं जड सामान. गाडीची मागची बाजू बसली की कॅमेरा वर बघायला लागतो. बंपर काढला तर रडार तपासून घ्यायचं, आणि रडारच्या समोरच्या भागावर पुट्टी मारून रंग द्यायला सरळ नाही म्हणायचं. सर्व्हिसच्या वेळी जॉब कार्डवर "एडास तपासणी" असं मी स्वतः लिहायला सांगते. सांगितलं नाही तर कुणी करत नाही.

आणि चांगल्या स्थितीतल्या कॅमेऱ्यालाही मर्यादा आहेत. समृद्धीवर फिक्या काँक्रीटवर पांढरे पट्टे भर दुपारी त्याला नीट दिसत नाहीत, लेनची खूण मीटरवरून जाते-येते. संध्याकाळी मुंबईच्या दिशेनं जाताना सूर्य समोर येतो तेव्हाही तेच. हिवाळ्यातल्या पहाटेच्या धुक्यात मी यातल्या कुठल्याच सहाय्यावर विसंबत नाही. सगळ्यात जपायचं ते जनावरांना. या प्रणाली मुख्यतः वाहनं, पादचारी आणि सायकलस्वार ओळखायला शिकवलेल्या असतात. सिवनी रोडला पेंचच्या बाजूनं जाताना रोही (नीलगाय) आडवा आला तर गाडी ब्रेक लावेल, या भरवशावर राहू नका. रात्री बिनदिव्याची, बिनरिफ्लेक्टरची ट्रॅक्टर-ट्रॉली हीही तशीच. आणखी एक: ट्रकच्या मागे चिकटवलेलं ८० चं गोल स्टिकर माझी गाडी वेगमर्यादेचा फलक म्हणून वाचते. त्या आकड्यावर विसंबू नये.

कॅलिब्रेशन ठीक झालंय का हे पाहायला रहदारी कमी असताना सरळ रस्त्यावर दोन्ही पट्टे मीटरवर एकसारखे दिसतात का आणि हलक्या हातानं धरलेलं स्टिअरिंग गाडीला मधोमध ठेवतं का, एवढं पुरतं. ब्रेकिंग तपासायला खोका ठेवून किंवा कुणाला उभं करून प्रयोग करू नका, व्हिडिओत कितीही सोपं दिसलं तरी.

पुन्हा घ्यायची झाली तर हीच सोय असलेली गाडी घेईन. फक्त बुकिंगच्या आधी शोरूमला नाही, वर्कशॉपला जाईन आणि तीन गोष्टी विचारीन. कॅलिब्रेशनचा फलक आणि सपाट जागा नागपुरातल्याच शाखेत आहे का? ते काम येणारा माणूस कायम असतो का? कॅमेरा-ब्रॅकेटसकट काच मागवली तर किती दिवसांत येते? काच आणि कॅलिब्रेशन मिळून किती खर्च येईल, तो आकडा लेखी घेईन आणि विमा घेताना काचेचं कलम त्याच आकड्याशी ताडून बघीन.