केंब्रिज सेंट्रल मॉस्कची टूर, बाबांना घेऊन गेलो होतो

मिल रोडवरची ही मशीद २०१९ ला सुरू झाली, तेव्हापासून बसमधून येता जाता बघतोय पण आत जायचा योग बाबा भारतातून आले तेव्हाच आला. गावी उरुसाला दर्ग्यात आम्ही सगळे जायचो, मशिदीत मात्र कधीच नाही, त्यामुळे बाबा दारातच थबकले, आपल्याला आत घेतील का म्हणून. बूट रॅकवर ठेवून आत गेलो तर लाकडी खांब झाडासारखे वर जाऊन फांद्या एकमेकींत गुंतलेल्या आणि मधून उजेड थेट गालिच्यावर. बाबा किती तरी वेळ एका खांबावर हात फिरवत उभे होते. लंडन आय हा मोठा पाळणा बनवणाऱ्या मार्क्स बारफिल्ड या आर्किटेक्ट मंडळींचं डिझाईन आहे, हजार माणसं मावतात.

पण खरी टूर म्हणजे नंतरची प्रश्नोत्तरं. माहिती देणाऱ्या ताईंना बाबांनी सरळ विचारलं, हल्ला झाला की तुमच्यातली चांगली माणसं गप्प का बसतात? मला वाटलं आता संपलं. त्या अजिबात चिडल्या नाहीत, म्हणाल्या बोलतात खूप जण पण माइक फक्त हल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी समोर येतो, तोही निषेध करा एवढ्यापुरता. मग त्यांनी २०१७ सालचा लंडनमधल्या फिन्सबरी पार्कचा हल्ला सांगितला. रमजानात रात्रीची नमाज आटपून निघालेल्या लोकांवर एकाने व्हॅन घातली, लोक त्याच्यावर धावून गेले तर इमाम मोहम्मद महमूद मध्ये उभे राहिले आणि पोलिसांच्या ताब्यात देईपर्यंत त्याला वाचवलं. बाबा गप्पच झाले. मी इतकी वर्षं इंग्लंडमध्ये राहतो, मलाही हे नाव माहीत नव्हतं, अतिरेक्यांची नावं मात्र पाठ आहेत, याचं फार वाईट वाटलं.

मवाळ मुसलमान कुठे असतात असं व्हॉट्सअॅपवर विचारणाऱ्या प्रत्येकाने इथे एक तास काढावाच. आणि इथल्या शाळांनी, कौन्सिलने, आपल्या मराठी मंडळांनीसुद्धा या ताईंसारख्या माणसांना नुसतं ईदच्या शुभेच्छांपुरतं नाही तर नीट बोलायला बोलवावं, अवघड प्रश्न विचारावेत, त्यांना ते हवे असतात हे मी डोळ्यांनी बघितलंय.

शुक्रवारी दुपारी जुम्म्याची गर्दी असते, तेव्हा दुसरा वार बघा. बायकांनी ओढणी सोबत ठेवा. निघताना बाबांनी त्या ताईंना गणपतीत घरी जेवायला बोलावलं, पत्ता मी तिथेच कागदावर लिहून दिला.