कवितेची बैठक: म्हणून दाखवायची की प्रती वाटायच्या?

चार-सहा जणांनी महिन्यातून एकदा एकमेकांच्या कवितांवर बोलायला बसायचं म्हटलं, की एक गोष्ट आधीच ठरवावी लागते. कविता कवीने तिथेच म्हणून दाखवायची, की दोन दिवस आधी सगळ्यांना प्रती द्यायच्या? मी दोन्ही प्रकारच्या गटांत बसले आहे.

म्हणून दाखवण्याची ओढ आपल्याकडे जुनी आहे. पुण्यात १९२३ साली सुरू झालेल्या रविकिरण मंडळाच्या कवींनी काव्यगायन लोकप्रिय केलं. या पद्धतीत बैठक लगेच रंगते, तयारी काही लागत नाही. वऱ्हाडी किंवा मालवणी कविता तर कवीच्याच तोंडून ऐकावी, तिचा हेल कागदावर उतरत नाही. पण चांगला आवाज कच्ची ओळ झाकतो. आमच्याकडे एकाने भुजंगप्रयातात, म्हणजे ओळीत बारा अक्षरं असलेल्या वृत्तात, म्हटलं, ‘कुणी हाक मारी नदीच्या तटावर’. सगळ्यांनी माना डोलावल्या. घरी जाऊन लिहून पाहिलं तर अक्षरं तेरा, हवीत बारा. बोलताना ‘तटावर’मधला ‘र’ अर्धाच उच्चारला जातो, म्हणून कानाला खटकलं नाही. ‘तटाशी’ केलं आणि ओळ बसली. ऐकून चर्चा करताना अशी चूक हमखास निसटते, आणि शेवटी ‘छान’, ‘भिडली’ एवढंच हाती येतं.

प्रती वाटल्या की वाचणारा थांबतो, मागे जातो, पेन्सिलने खूण करतो. मुक्तछंदात ओळ नेमकी कुठे तोडली हेही कागदावरच दिसतं. वेळ मात्र जास्त जातो: एका कवितेला वीस मिनिटं धरली तर दोन तासांत सहाच होतात. शिवाय ऱ्हस्व-दीर्घावरून वाद सुरू झाला की कविता बाजूला राहते. शुद्धलेखनाच्या खुणा प्रतीवरच करून कवीला द्याव्यात, त्यावर बोलू नये.

गट नुसता भेटीगाठींसाठी, ऐकण्या-ऐकवण्याच्या आनंदासाठी असेल तर खुशाल म्हणून दाखवा. तोही मोठाच आनंद आहे. कविता सुधारायची असेल तर माझं मत ठामपणे प्रतींच्या बाजूने. त्यात एकच भर घालावी: चर्चेआधी कविता मोठ्याने वाचायची, पण कवीने नाही, दुसऱ्याने. कवीने तेवढा वेळ आपली प्रत समोर धरून गप्प बसायचं आणि वाचणारा जिथे अडखळेल तिथे खूण करायची.