रेसच्या सायकलला बाळाची सीट: कोथरूडमधल्या एका दुकानाचा अनुभव

मुलगी झाल्यावर माउंटन बाइकच्या स्पर्धा सोडल्या. शिमल्याच्या एमटीबी हिमालय या डोंगरी सायकल शर्यतीचं सोडाच, वेताळ टेकडीची चक्करही आता तिच्या झोपेवर ठरते. सायकल मात्र विकवत नव्हती. म्हणून माझी २९ इंची चाकांची हार्डटेल (फक्त पुढे सस्पेन्शन असलेली माउंटन बाइक) कोथरूडच्या एका छोट्या दुकानात नेली: मागे लेकीची सीट बसवून द्या.

काकांनी आधी फ्रेम टिचकी मारून बघितली. "ॲल्युमिनियम आहे ना? कार्बनला हा क्लॅम्प आवळत नाही मी, नळी चिरडते." मग ड्रॉपर पोस्टकडे, म्हणजे बटण दाबून खाली-वर होणाऱ्या सीटच्या दांड्याकडे बोट. "ताई, हिच्यावर काही टांगायचं नाही. बाळाची सीट खालच्या फ्रेमच्या नळीलाच धरेल." सीटवर छापलेली २२ किलोची मर्यादाही वाचून दाखवली. गाठीगाठींचे टायर काढले तर आतलं सीलंट (बिनट्यूबच्या टायरची भोकं बुजवणारा द्रव) वाळून त्याचे पापुद्रे झालेले. त्यांनी साधी ट्यूब आणि गुळगुळीत टायर सुचवले. डांबरी रस्त्यावर सायकल आता अशी पळते की रेसिंगची खाज पुन्हा उठते!

तक्रारी आहेतच. 'उद्या या' हे तीनदा ऐकलं. काउंटरवरचा मुलगा सगळे प्रश्न माझ्या नवऱ्याला विचारत होता, ज्याला गिअर कसे पाडतात हेही माहीत नाही. आणि स्टँड लावून दिला नाही, त्यामुळे लेकीचे पट्टे बांधताना सायकल धरायला कोणीतरी लागतंच. तुम्ही गेलात तर स्टँडचं आधीच बोलून घ्या, आणि शनिवार टाळा.

साडेतीन स्टार. अर्धा कापलाय तो काउंटरवाल्याचा.